उलट्या पिळाची दोरी

दोरीची चुडी मुठीत मावेल एवढीच होती, काळी, धुराने चिकटलेली, वाळक्या शेंगेसारखी हलकी — आणि अंगठ्याखाली ती दोरी उलटी जात होती. देवकीने अंगठा पुन्हा एकदा फिरवला. पीळ उजवीकडे वळायला हवा तिथे डावीकडे वळत होता, वळतच जात होता, हाक मारली तरी मागे न बघणाऱ्या माणसासारखा... म्हणजे ही आपली नव्हे. आपण वळलेली नव्हे. न्हाणीतल्या चुलीवरच्या फळीवर, माटोळीच्या चौकटीमागे, सासऱ्यांचा, आबांचा, हात चालत होता तेव्हापासूनची ही एक चुडी धूर खात पडून राहिली होती. इतकी वर्षं दर चवथीला चौकट खाली निघत होती, पुन्हा वर जात होती, आणि ही कुणाला दिसली नव्हती — आणि यंदाच, नेमकी यंदाच, चवथीच्या आदल्या दिवशी, तयेच्या सकाळी चौकट ओढताना ती तिच्या खांद्यावर पडली.

"गावली काय गो दोरी?" बाहेरून नवऱ्याचा, मधुकरचा आवाज आला.

"नाय."

इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. चुडी तिने कमरेला खोचली, वर पदर ओढला. खाली चुलीत आंघोळीच्या पाण्याखालचे निखारे अजून लाल होते. हात थोडा लांब केला असता तरी झालं असतं. केवणीच्या झाडाची साल, त्यात इतक्या वर्षांचा धूर प्यायलेली — भुर्रकन पेटली असती.

दोरी नाही, हेच तर तिने ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे — बोलून नव्हे. बोलायला दम लागतो. गणपतीच्या डोक्यावर जी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, कंद, घोस बांधतात ती माटोळी केवणीच्याच दोरीने बांधायची, ही या घराची रीत. बाजारची सुतळी तिला चालत नाही. दर श्रावणात देवकी दुपारी मागच्या पडवीत बसायची, पाण्यात कुजवलेली केवणीची साल मांडीवर घ्यायची आणि तळहाताने वळत राहायची. यंदाच्या श्रावणात ती बसली नाही. साल कुणी आणून टाकली होती, ती तशीच बादलीत सडली, एके दिवशी तिने ती माडाच्या मुळाशी ओतली. कुणी विचारलं नाही. मग तिला वाटलं, हे बरं आहे. दोरी नसली की माटोळी नसेल. नारळाची पेण, सुपारीचा शिपटा, आंब्याचा टाळा — देवापुरत्या चार गोष्टी सुतळीने अडकवू, वर्षाच्या आतलं आहे, आबांना जाऊन चार महिने झालेत, कोण काय म्हणणार. आणि पुढल्या वर्षी लोकांना सवय होईल. सवय कशाचीही होते.

मी दमले आहे. एवढंच. याला दुसरं कारण नाही.

ती ओसरीवर आली. मधुकर पेडण्याच्या बाजारातून आणलेल्या दोन पाट्या रिकाम्या करत होता आणि प्रत्येक वस्तू जमिनीवर मांडताना तिच्याकडे बघत होता, शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसा. आंबाडे. लालबुंद कवंडळं. कांगलांचे घोस. वाळून खुळखुळणाऱ्या घागऱ्या. एक भलं मोठं तोरिंग, डोक्याएवढं, हिरवं-पिवळं.

"कांगलां बघ कशी आसत! थयची बायल सांगा होती, दोडामार्गच्या रानातली म्हणान."

"बरी आसत."

"आणि दोरी नाय म्हणतंस ती... नायलॉनची बांदूया? बारीक मिळता. दिसाची पण नाय."

"नायलॉनान माटोळी बांदतत?"

"मगे?"

मधुकर पाटीतल्या करमळांकडे बघत राहिला. साठी उलटलेला, निवृत्त झालेला, स्वभावाने गरीब माणूस. त्याला माटोळी बांधता येत नाही हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"यंदा आबाची होती तशीच होवक होयी गो," तो हळू म्हणाला. "माणसां मुद्दाम बघूक येतली. मास्तर म्हणा होते."

मास्तर म्हणजे गोकुळदास मास्तर. आबांच्या बाराव्याला जेवणं झाल्यावर ते ओसरीवर उभे राहिले होते आणि हात जोडून बोलले होते — कृष्णनाथबाब गेले, एक छंदिष्ट माणूस गेला, नव्वदी पार केली पण कंटाळा म्हणून ठाऊक नाही. विहिरींचं पाणी चाखायचा छंद, गळ टाकायचा छंद, रेडिओचा छंद आणि माटोळी! अख्ख्या पेडणे महालात अशी माटोळी नाही! — आणि सगळे माना डोलवत होते, आणि देवकी आत पत्रावळी गोळा करत ऐकत होती. तिला आठवत होतं ते वेगळंच. गळ टाकायचा छंद म्हणजे दिवेलागणीला आलेले चिखलाळ मासे कुणीतरी साफ करणं. रेडिओचा छंद म्हणजे मंदावलेल्या बॅटऱ्या कुणीतरी उन्हात वाळत घालणं आणि पाऊस आला की धावत उचलणं. छंद एकाचा असतो, त्याची खरकटी काढणारं घरात दुसरं कुणीतरी असतं. हे काही ती रागाने म्हणत नव्हती. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.

लोक म्हणाले, सुटलीस गो देवकी. तिनेही मान हलवली. आजारी माणसाचं करून करून जी बाई दमते तिला लोक हेच म्हणतात, आणि तिला वाटलं होतं, आता रडू येईल, मग झोप येईल, मग बरं वाटेल. रडू आलं नाही. झोप येते, पण झोपून उठलं की अंग पुन्हा तिथंच असतं, जिथं टाकलं होतं.

आज तयेचा उपास. पाणी पिऊन तिने नारळ खवायला घेतला. चुडी कमरेला टोचत होती.

...पाणी. कुठल्याही गावात, लग्नाला गेलेले असोत की तिरडी उचलायला, आबा आधी घरामागे जायचे. स्वतः कळशी सोडायचे, स्वतः ओढायचे, आणि तिथंच विहिरीच्या कठड्याशी उभं राहून पाणी प्यायचे. मग पुढच्या दारी येऊन निकाल सांगायचे. धारगळचं पाणी जड, खाल्लेलं जिरवतं. कोरगावचं आपलं मध्यम, ना शत्रू ना मित्र. सुर्ल्याचं गोड, म्हणून थयली माणसां आळशी. सुर्ल्याला त्यांची बहीण दिलेली. भादव्याच्या आधी ते तिच्याकडे जायचे, मागच्या डोंगरावर चढायचे आणि कांगलांचे घोस घेऊन, काट्यांनी ओरबाडलेल्या अंगाने, एखाद्या वरातीतून आल्यासारखे घरी यायचे. मग त्या डोंगराला खाण लागली. एका वर्षी ते पाटी रिकामी घेऊन आले. धोतराच्या काठापासून भुवयांपर्यंत लाल धूळ. आंघोळ केली, जेवले. सासूबाईंनी विचारलं, "पाणी कसा होता?" तर म्हणाले, "तांबडा." त्यानंतर कुणी सुर्ल्याचं नाव काढलं की ते दुसऱ्या विहिरीबद्दल बोलायचे. कांगलं बाजारातून येऊ लागली.

आणि शेवटी, अंथरुणात असताना, फुलपात्र ओठाला लावलं की एक घोट तोंडात धरून ठेवायचे.

"खयचा गे ह्या पाणी?"

"नळाचा, आबा."

"मगे तसा सांग. मी म्हटलंय, गावाचा नाव इसारलंय की काय."

रोज. रोज हाच विनोद, आणि रोज ती थोडं हसायची, आणि आता चार महिने पाण्याचा पेला भरताना तिच्या ओठांचा एक कोपरा उगाच हलतो, कुणी न विचारता.

आजारपणाची बारा वर्षं... त्याआधीची सव्वीस-सत्तावीस. ती या घरात आली तेव्हा गोवा मुक्तीला दहाएक वर्षं होत आली असतील, पाव अजून पदेराच्या भट्टीतूनच यायचा, आणि सासरे पन्नाशी ओलांडलेले, ताठ, डावा हात पाठीवर ठेवून चालणारे. तशी चाल गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. पोरं त्यांच्यामागून तसाच हात पाठीवर ठेवून नक्कल करत चालायची. भिंतीवरच्या फोटोतही, आता ज्याला हार घातलाय त्या, उजव्या हातात काठी आणि डावा हात मागे — दिसतच नाही, जणू नाहीच. पहिल्या वर्षी तयेच्या दिवशी तिने पाहिलं, आबा माटोळीच्या खोलीत गेले आणि दार आतून लागलं. सासूबाई म्हणाल्या, तिकडे जायचं नाही, चहा द्यायचा तर उंबऱ्यावर ठेवायचा. तिला वाटलं, मंत्र असतील काही. दिवेलागणीला दार उघडलं तर वर सगळं रान टांगलेलं... प्रत्येक घोस आपापल्या जागी, एकाही गाठीचं टोक दिसत नव्हतं, आणि आबा खाली बसून घाम पुसत होते, लग्नात नवरदेव बसतो तसे, थकलेले आणि खूश.

मग ते अर्धांगाने पडले. डावी बाजू गेली. त्या भादव्यात मधुकर चौकटीखाली उभा राहिला आणि त्याने जे काही बांधलं ते बघून आबांनी डोळे मिटून घेतले. सगळं सोडायला लावलं. मग मधुकरला बाहेर काढलं आणि तिला हाक मारली. "देवकी, दार लाव."

ते वाक्य आठवताना अजूनही तिला तोच गारवा आठवतो, दाराच्या अडसराचा.

"माका ह्या हातान येता," ते म्हणाले होते. उजव्या हाताने त्यांनी मेलेला डावा उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू दाखवावी तसा. "ह्याच. दुसऱ्यान येणा नाय." हाताच्या पाठीवर पांढरा, चकचकीत डाग होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तो काजूच्या भट्टीवर भाजल्याचा. "भट्टी बिट्टी काय नाय. बापाशीन निखारो ठेवल्यान होतो. ल्हान आसन मी तेवा. डाव्या हातान जेवतंय, डाव्या हातान देवाक फुला घालतंय म्हणान." आणि मग हसायचा प्रयत्न करत, अर्ध्या तोंडाने, "जेवणाचा सुटला. गाठीचा सुटाक नाय."

देवाचं काम, आणि डाव्या हाताने. म्हणून दार.

त्यानंतर दर वर्षी दार लागायचं आणि आत ती असायची, स्टुलावर उभी, आणि खाली खुर्चीत आबा. ते सांगायचे तसं ती बांधायची. पण ते सांगायचे त्यांच्या हाताने — डाव्या हातात शेवट घे, उजव्यान घोस धर, डावीकडसून आत घाल — आणि ती सगळं उलटं करून घ्यायची, कारण तिचा हात उजवा. त्यांचा डावा तो तिचा उजवा. इतकी सवय झाली की पेडण्याच्या बाजारात कुणी म्हणालं डावीकडे वळा, तर ती उजवीकडे वळायची आणि मग थांबून स्वतःशी हसायची. गाठ बसली की आबा म्हणायचे, "हां." फक्त तेवढंच. तो हां येईपर्यंत ती फळाखालचा हात काढत नसे. आणि बाहेर दाराला पाठ लावून मधुकर वर्तमानपत्राचं एकच पान वाचत बसायचा, पहाऱ्यावर. संध्याकाळी लोक यायचे आणि म्हणायचे, वा मधुकर, बापाशीचो हात आयलो तुका. तो खाली बघायचा. ती आत नारळ फोडायची.

तिने बांधली त्या पहिल्या वर्षी मात्र माटोळी पडली. सगळी नव्हे — एक तोरिंग. ऐन आरतीत ते सुटून आलं आणि ताम्हनात आदळलं, आणि निरांजन विझलं. टाळ थांबले. तिची नणंद सुलोचना किंचाळली, "अवलक्षण गे बाये!" मधुकर पांढरा पडून म्हणाला, माझीच गाठ चुकली. आणि त्या शांततेत एक विचित्र आवाज यायला लागला — खुर्चीतले आबा हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदा. अर्ध्या तोंडातून लाळ गळत होती आणि ते थांबत नव्हते.

"हसतास कित्याक?" नंतर तिने विचारलं होतं, लाळ पुसताना, जवळजवळ रडत.

"दोरी माजी," ते म्हणाले. "गाठ तुजी. मी डाव्या हातान वळलंय, तू उजव्यान गाठ मारलंस. दोरयेचो पीळ एकीकडे, गाठीचो पीळ दुसरीकडे. वजन पडला काय एकमेकाक सोडवन बसतत." आणि पुन्हा हसू. "गाठ माजी शिकलंस तर दोरी तुजी तू वळ."

मग ती वळू लागली. ही चुडी त्याच्या आधीची. हिला तिची गाठ धरणार नाही. म्हणजे, काढून दाखवली तरी उपयोगाची नाही — मधुकरला सांगता येईल, मिळाली पण कुजलेली आहे. त्यात खोटं फारसं नाही...

खवणीवर बोट सरकलं. रक्त आलं नाही, नुसतं सोललं गेलं.

"वैनी, आसस काय गे?"

सुलोचना. डिचोलीहून सकाळच्या गाडीने आलेली, हातात पिशवी, पिशवीत पातोळ्यांसाठी हळदीची पानं, जणू कोरगावात हळदीची पानं मिळतच नाहीत. सत्तरीच्या जवळ आलेली बाई, गुडघे धरून ओसरीची पायरी चढली आणि आधी फोटोसमोर उभी राहिली, मग देवकीसमोर.

"किती वाळलंस गे! लोक म्हणतत सुटली, आणि तू तर अदिकच वाळलंस."

"उपास आसा आज, ताय."

"उपास एका दिसाचो. ह्या काय एका दिसाचा नाय." तिने पिशवी ठेवली. "मदुकर म्हणता दोरी नाय."

"नाय."

"मगे जांव दी."

देवकीने मान वर केली.

"जांव दी गे," सुलोचना म्हणाली. ती खाली बसली होती, पाय पसरून, गुडघ्यांवर हात फिरवत. "मदुकराक मी सांगतंय. पेण लाव, शिपटो लाव, झाला. आबा काय बघूक येतत? येदी वर्सा तू आबाचा केलंस. आता आबाची हौस पण तूच करूची काय? माज्यान बघवणा नाय तुका." आणि थोड्या वेळाने, दुसऱ्याच आवाजात, "गावाक कित्या, माकासुद्दा आबान माटोळी बांदताना बघूक दिल्यान नाय कदी. ल्हान होतंय तेवा दाराक कान लावन बसा होतंय. गुणगुणत आसत आत. दुसऱ्या खय आबा गुणगुणलेला आयकूक नाय मी. खेळवलेला नाय, उचलून घेतलेला नाय... हात पाठीर."

तिने बसल्या बसल्या डावा हात पाठीवर नेऊन दाखवला. नक्कल. गावातल्या पोरांनी केलेली तीच.

हेच हवं होतं. सकाळपासून, श्रावणापासून, चार महिने... कुणीतरी येऊन जांव दी म्हणेल, आणि मी म्हणेन बरं, आणि उठून सुतळी शोधीन. देवकीने "बरां" म्हणायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. सुलोचनाचा हात अजून पाठीवर होता आणि देवकीला दिसत होतं ते दुसरंच — घरामागची विहीर. कुठल्याही गावातली. माणसं सगळी पुढच्या दारी, मांडवात किंवा तिरडीपाशी, आणि मागे कठड्याशी एक उंच माणूस एकटा, पाठ घराकडे, आणि त्याचा पाठीवरचा हात... पाठीवर नाही. हात पुढे आहे. कळशी ओढतोय. डाव्या हाताच्या ओंजळीतून पाणी पितोय, हनुवटीवरून ओघळतंय, घाई नाही. पाणी चाखायचा छंद! आणि गळ — तो खाडीकाठच्या खाजनाच्या बांधावर, मानशीच्या दारापाशी, तिथंही माणूस नाही, ओहोटीला एकटा. आणि रेडिओ, ओसरीवरचा दिवा मालवून तो ट्रान्झिस्टरची खुंटी फिरवत बसायचा, कळत नसलेल्या भाषा लागायच्या, खरखर लागायची, आणि सासूबाई ओरडायच्या, काळोखात काय ऐकता, काही कळतं का तुम्हाला — कळायचं कशाला? फिरवायला मिळायचं. एवढं लांबलचक आयुष्य, मास्तर म्हणाले कंटाळा नाही म्हणून, आणि त्या सगळ्या आयुष्यात चार जागा, जिथं तो हात मोकळा सोडता येत होता. त्या जागांना लोक छंद म्हणत होते.

बारा वर्षं दार लावून मी त्या खोलीत बसले. त्यांनी मला गाठी सांगितल्या, डाग सांगितला. हे सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही...

"काय झाला गे?" सुलोचनाने विचारलं.

"काय नाय."

ती उठली. अंगातला शीण उठताना तिच्याबरोबरच उठला, गुडघ्यापासून वर, ओळखीचा. तिने कमरेची चुडी काढली आणि कळशीतलं पाणी ताटलीत ओतून तिच्यात टाकली. पाणी आधी काळं झालं, मग तांबूस. दोरी हळूहळू फुगत गेली, सैल होत गेली. धुराचा वास सुटला, आणि धुराच्या खाली कसलातरी दुसरा — रानाचा की तेलकट हाताचा, सांगता आलं नसतं.

सुलोचना बघत होती. "दोरी नाय म्हणी होतंस?"

"गावली."

"खय?"

"होती." देवकी ताटली घेऊन आत निघाली.

माटोळीच्या खोलीत चौकट वर चढवून झाली. मधुकरने पाट्या आत आणून ठेवल्या, बाहेर जाताना सवयीने दाराची कडी धरली.

"ओढू?"

"नको," देवकी म्हणाली. "आसू दी उगडा."

मधुकरने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. त्याचा चेहरा काही क्षण अगदी लहान मुलासारखा झाला — मग तो उंबऱ्यावर बसला, आत तोंड करून, हातात वर्तमानपत्र न घेता.

पहिला नारळ. पहिला नेहमी नारळ. देवकी स्टुलावर चढली. ओल्या चुडीचा एक पदर तिने सोडवला, चौकटीच्या आडव्या दांडीवरून टाकला, आणि उजव्या हाताची बोटं आपोआप पुढे आली. थांबली. ...डाव्या हातात शेवट घे, उजव्यान घोस धर. खुर्चीच्या जागेवर आता तांदळाचा डबा होता. डावीकडसून आत घाल. किती वर्षं तिने हे ऐकलं होतं आणि ऐकता ऐकता उलटं केलं होतं. जे म्हटलं जात होतं ते जसंच्या तसं तिने कधी केलंच नव्हतं. शेवट तिने डाव्या हातात घेतला. बोटं लाकडासारखी, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. घातला. निसटला. पुन्हा घातला. तिला वाटलं लहानपणी अक्षरं गिरवताना असंच वाटायचं. मग वाटलं, नाही, असं नव्हे — असं आबांना वाटलं असेल, उजव्या हातात पहिल्यांदा घास धरायला लावला तेव्हा, निखाऱ्यानंतर.

"वैनी," सुलोचना खालून कुजबुजली. "डावो हात गे."

"नारळ वर धर," देवकी म्हणाली.

सुलोचनाने धरला. ती बघत होती, आधी वहिनीच्या हाताकडे, मग दारातून दिसणाऱ्या फोटोकडे, मग पुन्हा हाताकडे. तिच्या डोळ्यांत काहीतरी जुळत होतं किंवा जुळायला नकार देत होतं, ते देवकीला वरून दिसत नव्हतं. तिने टोक तिसऱ्यांदा आत घातलं, स्वतःवर वळवलं, ओढलं. दोरी करकरली. दोरीचा पीळ आणि गाठीचा पीळ एका बाजूला जातायत असं तिला वाटलं — फक्त वाटलं. वजन पडल्याशिवाय कळायचं नाही.

"सोडू?" सुलोचनाने विचारलं.

देवकी वाट बघत राहिली. कशाची, ते तिच्या लगेच लक्षात आलं नाही. मग आलं. खालून हां यायचा होता. उपासाच्या पोटात, दुपारच्या त्या पांढऱ्या उजेडात, दार सताड उघडं असलेल्या खोलीत ती कान देऊन उभी होती, आणि कुणी हां म्हणत नव्हतं, आणि कुणी म्हणणार नव्हतं, कधीच, उद्याही नाही, पुढल्या भादव्यातही नाही. चार महिन्यांत हे तिला पहिल्यांदा कळलं, असं कळलं की स्टूल जरासं हललं.

डावा दंड दुखायला लागला होता. खांद्यापासून कोपरापर्यंत एक बारीक, नवी कळ. तिच्या सगळ्या दुखण्यांची तिला ओळख होती, कमरेचं, टाचांचं, रात्री उशाशी येऊन बसणारं ते नाव नसलेलं. हे त्यातलं नव्हतं. हे आज, आत्ता सुरू झालं होतं. कुणाचं होतं कोण जाणे.

"वैनी... सोडू?"

सांगायचं तर आता तिनंच सांगायचं होतं. शब्द जिभेवर होता, एवढासा. देवकीने तो तसाच तोंडात धरून ठेवला, पाण्याचा घोट धरावा तसा — कुठलं पाणी आहे हे कळेपर्यंत.